व्यायामांतील दुखापती आणि देहाची ठेवण

गवंडी भिंत उभारूं लागला म्हणजे ओळंबा हाताशीं ठेवतो. चार थर चढले कीं दोरी सोडून पाहतो, आणि मगच पांचवा थर घालतो. भिंतीची एवढी काळजी. आणि आपला देह मात्र आपण कसलीहि पाहणी न करतां एखाद्या सकाळीं शंभर नमस्कारांना जुंपतों! या पाहणीविषयींच आज थोडें सांगावयाचें आहे.

हा विषय मला पुस्तकांतून सुचलेला नाहीं. मी शिक्षक असतांना कवायतीचा तास माझ्याकडे असे. एका वर्षीं मीं बैठकांची चढाओढ लावली. एका मुलाचा उजवा गुडघा प्रत्येक बैठकेस आंत झुकत होता. मला तें दिसत होतें, पण मी मोजण्यांत गुंग होतों. ८० व्या बैठकेस तो खालीं बसला तो उठलाच नाहीं. पुढें दोन महिने तो लंगडत शाळेंत येई. आंकडा माझ्या वहींत राहिला, दुखणें त्याच्या गुडघ्यांत राहिलें. दोष मुलाचा नव्हता; पाहण्याचें काम ज्याचें होतें त्याचा होता.

पाहणी घरच्या घरीं करतां येते. पहिली पाहणी बाजूनें. दाराच्या चौकटीस वजन बांधलेली दोरी सोडावी. ती घोट्याच्या हाडाच्या किंचित् पुढून जाईल अशा रीतीनें माणसास अनवाणी उभें करावें. ‘सावधान’ म्हणूं नये. तें ऐकतांच जो तो छाती पुढें काढतो आणि खरी ठेवण झांकून जाते. मग पाहावें : गुडघ्याच्या सांध्याच्या जरा पुढून, मांडीच्या वरच्या बाहेरच्या हाडावरून, खांद्याच्या मध्यांतून आणि कानाच्या पाळीवरून दोरी जाते का? दिवसभर मेजावर वांकणाऱ्या माणसाचा कान बहुधा दोरीच्या पुढें गेलेला आढळतो.

दुसरी पाहणी पाठीमागून. दोन्ही खांदे आणि दोन्ही फरे सारख्या उंचीवर आहेत का, लोंबते हात व कंबर यांमधील पोकळी दोन्ही बाजूंस सारखी आहे का, हें पाहावें. मग तळवे जुळवून पुढें वांकावयास सांगावें. वाढत्या वयाच्या मुलाच्या पाठीची एक बाजू तेव्हां उंच दिसली, तर कण्यास वांक असण्याचा संभव असतो. अशा मुलास डॉक्टरांना दाखवावें.

तिसरी पाहणी हालचालींत. पांच बैठका अगदीं सावकाश काढावयास सांगाव्या. गुडघे पावलांच्या रोखानें जातात कीं आंत झुकतात? टांचा उचलल्या जातात का? ही पाहणी मीं त्या दिवशीं केली असती, तर चढाओढीपूर्वींच त्या मुलास थांबवून बैठक सुधारतां आली असती.

परंतु या पाहणीचा विपर्यास होऊं नये. ओळंब्याशीं तंतोतंत जुळणारा देह क्वचितच आढळतो. एक खांदा थोडा उतरता असणें हा रोग नव्हे. ठेवण आणि दुखणें यांचा संबंध पूर्वी वाटे तितका सरळ नाहीं, असें अलीकडील संशोधन सांगतें. म्हणून कोणत्याहि मुलास ‘वांकडा’ म्हणून हिणवूं नये. प्रारंभ कोठून करावा आणि काय जपावें, एवढेंच पाहणीनें ठरवावयाचें.

दुखापतीचें एक मोठें कारण म्हणजे एकाएकीं वाढविलेला भार. स्नायु कांहीं आठवड्यांत जोर धरतात; स्नायूंना हाडांशीं जोडणाऱ्या कंडरा आणि स्वतः हाडें यांना महिने लागतात. आपण स्नायूंच्या उत्साहावर विसंबतों, आणि मागें राहिलेली कंडरा दगा देते. यास्तव आरंभीं पांच-दहा मिनिटें चालून, सांधे फिरवून अंग ऊन करावें. भार थोडा थोडा वाढवावा. विश्रांतीचा दिवस चुकवूं नये. प्रौढांनीं आठवड्यांत १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सुचविलें आहे. पांच दिवस रोज अर्धा तास झपझप चाललें कीं पहिला आंकडा गांठला जातो. त्यासाठीं पैज नको.

दुखण्याचीहि पारख हवी. नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं स्नायु ठणकले, तर भिण्याचें कारण नाहीं. परंतु सांध्यांत तीव्र कळ, सूज किंवा पायांत बधिरपणा आला तर व्यायाम थांबवावा. छातींत दाब वा भोंवळ आल्यास तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असणारांनीं आधींच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें, आणि आसनें व प्राणायाम यांची प्रयोगशाळेंत तपासणी केली. परंपरेवर श्रद्धा असूनहि तपासून पाहण्यांत त्यांना कमीपणा वाटला नाहीं. आपणांसहि तो वाटूं नये.

कललेली भिंत पाडून पुन्हां बांधतां येते. दुखावलेल्या गुडघ्याचें तसें नाहीं. उद्यां सकाळीं मुलाला नमस्कार घालावयास सांगाल, तेव्हां किती झाले हें विचारण्यापूर्वीं तो कसा उभा आहे हें पाहा.