जाळीमागचं पाणी

चैत्रात कळवणच्या रस्त्यांवर दोन गर्द्या एकत्र येतात. उन्हाळ कांदा बाजार समितीकडे निघालेला असतो आणि सप्तशृंगी गडाची यात्राही त्याच दिवसांत भरते. कांद्याच्या ट्रॉलीमागे थोडा वेळ गाडी राहिली, तरी उडालेली टरफलं समोरच्या जाळीवर येऊन बसतात. पुढे नांदुरीचा घाट लागतो. गाडी दुसऱ्या गिअरवर येते, इंजिनाचा जोर वाढतो आणि समोरून येणारा वारा कमी होतो. तेव्हा सगळी भिस्त रेडिएटरवर असते.

इंधन जळून निघणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भाग पाणी उचलतं आणि रेडिएटर ती वाऱ्याला देतो. 1888 मध्ये जर्मनीत बर्था बेंझ मोटारगाडीने मानहाइमहून फोर्झहाइमला गेल्या, तेव्हा पाणी वाफ होऊन उडत होतं आणि वाटेत पुन्हा पुन्हा भरावं लागत होतं. 1900 च्या सुमारास जर्मन अभियंता विल्हेल्म मायबाख यांनी मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर घडवला. त्यात 6 मिलिमीटर चौरस तोंडाच्या 8,070 नळ्या होत्या. वाऱ्याला जितका जास्त पृष्ठभाग, तितकी उष्णता लवकर जाते. आजचा रेडिएटरही याच तत्त्वावर चालतो.

पण पृष्ठभाग वाढवायचा तर धातू पातळ हवा. अॅल्युमिनियमच्या पात्या कागदासारख्या असतात, नखानेही वाकतात. आणि वारा घ्यायचा म्हणून गाडीतला हा सगळ्यात नाजूक भाग सगळ्यात पुढे ठेवावा लागतो. जोरदार इंजिनाच्या गाड्यांत ही अडचण आणखी वाढते. टर्बोचा इंटरकूलर, ऑइल कूलर, एसीचा कंडेन्सर, सगळ्यांनाच वारा हवा, म्हणून गाडीचं तोंड रुंद आणि जमिनीलगत येतं. 1997 मध्ये आलेल्या नव्या पोर्शे 911 ने वाऱ्यावर थंड होणारं इंजिन सोडून पाण्याचं घेतलं. तिचे रेडिएटर पुढच्या चाकांसमोर आहेत आणि त्या पोकळीत पाला, खडे साचतात. बरेच मालक तिथे बारीक जाळी बसवतात. मात्र जाळी जितकी बारीक, तितका वारा कमी, आणि ती टरफलांनी लवकर भरते.

पूर्वीच्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला गळती लागली की कारागीर डाख देऊन ती बंद करत. प्लॅस्टिकच्या टाक्यांचे आजचे अॅल्युमिनियमचे रेडिएटर बहुधा बदलावेच लागतात.

गळतीपेक्षा फसवा असतो तो तापमानाचा काटा. पाणी पूर्ण गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली दिसू शकतो. इंजिन मात्र तापतच राहतं, हेड गॅस्केट जातं, हेडला बाक येतो. काटा अचानक उतरला, तर दिलासा मानू नका, गाडी थांबवा. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं आणि झाकण सैल होताच उसळून अंगावर येतं.

कांद्याच्या हंगामात दर आठवड्याला जाळी पाहा. हवा मारायची ती इंजिनाच्या बाजूने बाहेर, दाब कमी ठेवून. नाहीतर पात्या वाकतात. खडीच्या गाडीमागे अंतर ठेवा, ट्रॉलीवर ताडपत्री बांधा. आणि रस्त्याचं काम करणाऱ्यांना कळकळीची विनंती: डांबरावर सुटी राहिलेली खडी वाहतूक सुरू करण्याआधी झाडून घ्या.