उत्पन्नासाठी फ्लॅट घेताना

आमच्या परिचयातील एक सभासद नोकरीतून निवृत्त झाले. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची रक्कम हाती आली. राहते घर होतेच. म्हणून भाड्याचे उत्पन्न मिळावे या हेतूने त्यांनी शहराबाहेर आणखी एक फ्लॅट घेतला. इमारत देखणी, दरही माफक. ताबा घेतल्यावर कळले की, इमारतीला भोगवटा प्रमाणपत्रच नाही. नळजोडणी नाही, पाणी टँकरचे. भाडेकरू चार महिन्यांत निघून गेला. विकावा तर गिऱ्हाइकाला बँक कर्ज देईना. जन्मभराची पुंजी चार भिंतींत अडकली. असा प्रसंग दुसऱ्या कोणावर येऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हिशेब पाहू. समजा, फ्लॅटची किंमत ६० लाख रुपये आणि भाडे महिना १६ हजार. वर्षाचे भाडे १ लाख ९२ हजार झाले. त्यातून देखभाल खर्च ३६ हजार, मालमत्ता कर १० हजार, दुरुस्ती १० हजार आणि फ्लॅट एक महिना रिकामा राहिला तर १६ हजार वजा करा. हाती उरतात १ लाख २० हजार. मुद्रांक शुल्क व नोंदणीचे सुमारे ४ लाख किमतीत मिळवले, तर शेकडा दोन रुपयेही सुटत नाहीत. म्हणजे खरा फायदा भाव वाढला तरच आहे, आणि भाव वाढेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. कर्ज काढून घ्यायचा असेल, तर भाड्यातून हप्ता भागेल या भ्रमात राहू नये.

दुसरी गोष्ट मालकीची. आपल्या राज्यात फ्लॅटची मालकी मुख्यतः दोन प्रकारची असते. सहकारी गृहनिर्माण संस्था १९६० च्या कायद्याखाली नोंदवली जाते. तेथे अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, झाल्यावर जमीन व इमारत संस्थेच्या नावे होते आणि सभासदाकडे भागपत्र असते. दुसरा प्रकार कंडोमिनियमचा. तो १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली येतो. तेथे प्रत्येकाला डीड ऑफ अपार्टमेंट मिळते आणि जमीन, जिना, गच्ची यांत त्याचा टक्केवारीने अविभक्त हिस्सा असतो. सामाईक खर्चाची वाटणीही त्याच टक्केवारीने होते. म्हणून मोठ्या फ्लॅटचा बोजाही मोठा. संस्थेत फ्लॅट भाड्याने दिल्यास बिनभोगवटा शुल्क लागते. मात्र २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. कोणत्या प्रकारची इमारत आहे, हे व्यवहारापूर्वीच विचारावे.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. जमिनीचा सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि तयार इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. वकिलाकडून शोध अहवाल घ्यावा. जुन्या इमारतीत कन्व्हेयन्स झाले आहे काय, विकणाऱ्याची थकबाकी आहे काय, मोठी दुरुस्ती तोंडावर आहे काय, हे कार्यालयात जाऊन विचारावे.

बांधकाम चालू असेल, तर २०१६ च्या रेरा कायद्याचा आधार आहे. महारेराकडे प्रकल्पाची नोंदणी पाहावी. ताबा देण्याची तारीख व मंजुऱ्या तेथे वाचायला मिळतात. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. दर नेहमी चटई क्षेत्रावर काढावा. ‘सुपर बिल्टअप’च्या मोठ्या आकड्याला भुलू नये. उघडी पार्किंगची जागाही बिल्डरला विकता येत नाही. चालू बांधकामात जीएसटी भरावा लागतो. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या फ्लॅटवर तो नाही. शिवाय तयार फ्लॅटचे भाडे लगेच सुरू होते. निवृत्त माणसाने शक्यतो तयार फ्लॅटच घ्यावा, असे आमचे मत आहे.

शेवटी जागा. आपल्याला आवडते म्हणून नव्हे, तर भाडेकरूला परवडते व सोयीचे पडते म्हणून घ्यावी. स्टेशन वा बसथांबा, दवाखाना, शाळा, औद्योगिक वसाहत पायी किती अंतरावर आहे, ते स्वतः चालून पाहावे. उन्हाळ्यात पाणी किती वेळ येते आणि पावसाळ्यात रस्त्यावर पाणी तुंबते काय, हे शेजारच्या वाण्याला विचारावे. जाहिरातीत ते छापलेले नसते. भाड्याने देताना लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलाच पाहिजे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे.

विद्यार्थी मित्रांनाही आमचे सांगणे आहे. घरात असा व्यवहार ठरत असेल, तेव्हा ‘ते मोठ्यांचे काम’ म्हणून बाजूला राहू नका. करारनामा ओळीने वाचा, समजेल तसा आईवडिलांना समजावून सांगा. वर सांगितलेल्या सभासदांच्या घरात दोन पदवीधर होते. पण सही होण्यापूर्वी कागद कोणीच वाचला नव्हता. आपले शिक्षण अशा वेळी घराच्या कामी यावे, एवढीच अपेक्षा.