शर्यतीच्या दिवशी मामाचं काम

पहाटे ४:३०
उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपसमोर टेम्पो उभा आहे. कार्ट रात्रीच चढवून पट्ट्यांनी आवळली होती. आता हत्यारांची पेटी, हवेचा गेज, कार्ब्युरेटरच्या जेटची डबी, जादा चेन आणि पेट्रोलचे कॅन चढवायचे. भाची तेरा वर्षांची, ज्युनियर गटात चालवते. तिची आई तिला मागून घेऊन येईल. तोवर तिला झोपू द्यायचं.

६:००
कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर पोचलो. पहिलं काम पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळण्याचं. दोन टक्के, म्हणजे पाच लिटरला शंभर मिली. पिस्टनला आणि क्रँकला वंगण मिळतं ते याच तेलातून, त्यामुळे माप अंदाजाने घेत नाही. १२५ सीसीचं रोटॅक्स इंजिन सीलबंद असतं, ते अधिकृत केंद्रातच उघडतात. लेथवर आयुष्य गेलेल्या माणसाचे हात शिवशिवतात, पण नियम मला मनापासून पटतो. सगळ्यांची इंजिनं सारखी राहिली की चालवणाऱ्याच्या कसबाला किंमत येते.

७:००
आता नट-बोल्ट. हे काम मी कुणावर सोपवत नाही. कार्टला सस्पेन्शन नसतं. चासीच्या नळ्याच थोड्या पिळतात आणि ट्रॅकचा प्रत्येक हादरा सांध्यांपर्यंत पोचतो. स्टिअरिंगचे टाय रॉड, ब्रेकची सळई आणि तिच्या जोडीची सुरक्षा केबल, चाकांचे नट, सीटचे बोल्ट सगळं क्रमाने बघायचं. घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर पेंटची रेघ ओढतो. रेघ सरकली की नट फिरला, हे लांबूनही कळतं.

८:००
तांत्रिक तपासणी. हेल्मेट, सूट, हातमोजे, बरगड्यांचं कवच बघतात. त्याआधी ताईने भाचीची वेणी घट्ट घालून सूटच्या आत खोचलेली असते. २०१८ साली हरियाणात पिंजोरला मनोरंजनाच्या कार्टमध्ये केस अडकून एका तरुणीचा जीव गेला. मागचा फिरता अ‍ॅक्सल पाठीच्या अगदी जवळ असतो. एक बट बाहेर दिसली तरी मी गाडी सोडत नाही.

९:००
पहिला सराव. सकाळची हवा गार आणि दाट, म्हणून मोठा जेट लावला. दाट हवेत ऑक्सिजन जास्त असतो, त्याला पेट्रोलही जास्त लागतं. भाची आत आल्यावर स्पार्क प्लग काढून बघितला. तपकिरी रंग म्हणजे मिश्रण बरोबर. पांढरा दिसला तर पेट्रोल कमी पडतंय, आणि तसंच चालवलं तर पिस्टन जाम होतो.

१०:३०
“मामा, हेअरपिनला पुढची चाकं सरळच जातात.”
ती सांगते ते मी वहीत तिच्याच शब्दांत लिहून घेतो. कार्टला डिफरन्शियल नसतो, मागची दोन्ही चाकं एकाच अ‍ॅक्सलवर सारखीच फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला लांबचं अंतर कापायचं असतं, म्हणून आतलं मागचं चाक क्षणभर जमिनीवरून उचललं जावं लागतं. ते उचललं नाही तर गाडी वळायला नकार देते. पुढची चाकं पाच-पाच मिलिमीटर बाहेर घेतली. बाकी कशालाही हात लावला नाही. एका वेळी एकच बदल केला तर कशामुळे काय झालं ते कळतं.

१२:००
पात्रता फेरी. गाडी वळते आहे, भाचीला आठवी जागा मिळाली. बाहेर आल्या आल्या चालक आणि कार्ट एकत्र वजनकाट्यावर. किमान वजनापेक्षा कमी भरलं तर वेळ रद्द होते, म्हणून सीटला शिशाचे तुकडे बोल्टने बसवलेले आहेत.

दुपारी १:३०
दहीभात, ताक, सावली. या तासाभरात शर्यतीबद्दल मी एक शब्द बोलत नाही. कुठे ओव्हरटेक करायचं ते तिचं आणि तिच्या प्रशिक्षकाचं बोलणं.
ट्रॅक तापला आहे. टायरमधली हवा चालताना वाढणार, म्हणून सुरुवातीला थोडी कमी ठेवली. हवा विरळ झाली, तेव्हा जेट एक नंबर लहान.

३:००
अंतिम शर्यत. कार्ट सुटल्या की मदतनिसाच्या हातात काही उरत नाही. माझी नजर झेंड्यांवर असते. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. काळ्यावर नारिंगी गोल म्हणजे गाडीत बिघाड, आत या. तो झेंडा आपल्या नंबरासोबत दिसू नये, हीच माझी शर्यत. भाची पाचवी आली.

४:३०
पुन्हा वजन, पुन्हा तपासणी. निकाल पक्का झाला. मी तिला पहिला प्रश्न विचारला, “गाडीनं कुठं त्रास दिला का?” ब्रेक शेवटी शेवटी खोल जात होता म्हणाली. वहीत नोंद केली.

संध्याकाळी ७:३०
वर्कशॉपमध्ये चेन काढून साफ केली, ब्रेक पॅड मोजले. झिजले आहेत, उद्या बदलायचे.

घरातलं पोर कार्टिंगला निघालं असेल, तर महागडे सुटे भाग घेण्याआधी चांगला टॉर्क पाना, हवेचा गेज आणि एक वही घ्या. प्रत्येक फेरीआधी नटांवरून स्वतः हात फिरवा, आणि चालवायचं कसं ते प्रशिक्षकाला शिकवू द्या.