सामने संपल्यावर गावाला काय उरतं?

मैदानाबाहेरचा खेळ : लेखांक ५

२६ नोव्हेंबर २०२५ रोजी ग्लासगोमध्ये २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचं यजमानपद अहमदाबादकडे आलं. २०३६ च्या ऑलिम्पिकसाठीही भारताने दावा मांडलेला आहे. अशा घोषणेनंतर फायद्यांची एक ठरलेली यादी बाहेर येते: रस्ते, मेट्रो, हॉटेलं, रोजगार, तरुणांना प्रेरणा. गेल्या लेखांकात आपण यजमानपदाचा खर्च पाहिला. आज ही यादी तपासू, पण यजमान शहरात उभं राहून नव्हे. आपण भिवापूरला उभे राहू.

भिवापूर म्हणजे नागपूर जिल्ह्याचं टोक. नागपूरहून उमरेडमार्गे साधारण सत्तर किलोमीटर. नागपूर–नागभीड छोटी रेल्वे २०१९ च्या अखेरीस ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली, तेव्हा सगळा भार एसटी आणि काळीपिवळीवर आला. गावाची ओळख मिरचीची. हंगामात सातऱ्यांवर, म्हणजे मिरचीचे देठ खुडण्याच्या जागी, बायकांची गर्दी असते. इथे जागतिक स्पर्धा होणार नाही, आणि व्हावी असंही कोणी म्हणत नाही. म्हणूनच हे गाव तपासणीला बरं. यजमान शहराला काहीतरी मिळतंच, कारण पैसा तिथेच ओतला जातो. तो सरकारी पैसा असेल, तर त्यात भिवापूरचाही वाटा असतो. मग फायदा सत्तर किलोमीटरवर पोचतो का, हे विचारण्याचा हक्कही भिवापूरला आहे.

आधी नागपूरकडे वळू, कारण नागपूर या बाबतीत नवखं नाही. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर चेतन शर्माने न्यूझीलंडविरुद्ध विश्वचषकाच्या इतिहासातली पहिली हॅटट्रिक घेतली आणि त्याच दिवशी सुनील गावसकरांनी एकदिवसीय सामन्यांतलं आपलं एकमेव शतक केलं. तो सामना पाहिलेली माणसं आजही तो चवीने सांगतात. आठवण हाही ठेवा आहे, मी तो कमी लेखत नाही. पण त्याच मैदानावर २६ नोव्हेंबर १९९५ रोजी, पुन्हा न्यूझीलंडविरुद्धच्याच सामन्यात, नव्या बांधलेल्या स्टँडची भिंत कोसळून प्रेक्षक दगावले. घाईने वाढवलेली आसनं हीसुद्धा मागे उरणारी गोष्ट असते, हे फायद्यांच्या यादीत कोणी लिहीत नाही.

पुढे वर्धा रोडवर जामठ्याला विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं नवं स्टेडियम झालं. नोव्हेंबर २००८ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली, ती सौरव गांगुलीची शेवटची. २०११ च्या विश्वचषकाचे चार सामने जामठ्याला झाले. त्यातल्या भारत–दक्षिण आफ्रिका लढतीत सचिन तेंडुलकरने १११ धावा केल्या आणि सामना शेवटच्या षटकात हातचा गेला. २०१६ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात अफगाणिस्तानने पुढे विजेता ठरलेल्या वेस्ट इंडीजला इथेच सहा धावांनी हरवलं. म्हणजे जागतिक स्पर्धा एकट्या जामठ्यालाच दोनदा येऊन गेली, असं म्हणायला हरकत नाही.

त्या दिवसांत हॉटेलं भरली, टॅक्सीवाल्यांनी चार पैसे कमावले, टोप्या आणि झेंडे विकले गेले. खरं आहे. पण अर्थशास्त्रज्ञ इथे एक साधा प्रश्न विचारतात: हा पैसा नवा आला, की दुसरीकडून वळला? उमरेडच्या माणसाने तिकिटावर दोन हजार घालवले, तर तेवढे त्याने त्या महिन्यात सीताबर्डीवर खर्च केले नाहीत. बाहेरून आलेल्या पाहुण्यांचा खर्च तेवढा नवा, आणि तो एका रात्रीचा. हॉटेलांचं म्हणाल, तर डिसेंबरात हिवाळी अधिवेशन त्यांना याहून जास्त दिवस भरून देतं. त्यासाठी कोणी षटकार मारावा लागत नाही. अँड्र्यू झिम्बलिस्ट हे अमेरिकी अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं हेच मांडत आले आहेत की यजमानपदाचे आधी छापलेले आकडे नंतर सहसा खरे उतरत नाहीत. उलट अवर्षणाच्या साली हिशेब उरफाटा होतो. एप्रिल २०१६ मध्ये खेळपट्ट्यांना लागणाऱ्या पाण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश झाला. त्यात नागपूरचेही सामने गेले.

मग जामठ्याने काहीच दिलं नाही? दिलं, पण ते सामन्यांच्या दिवशी दिसत नव्हतं. विदर्भाचा संघ रणजीत वर्षानुवर्षं तळाशी असायचा. २०१७-१८ मध्ये फैज फझलच्या नेतृत्वाखाली त्याने इंदूरला दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, पुढच्या मोसमात सौराष्ट्राला हरवून जामठ्यालाच तो राखला, आणि २०२४-२५ मध्ये केरळविरुद्धच्या अनिर्णित अंतिम सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा मिळवला. यामागे निवासी अकादमी होती, पगारी प्रशिक्षक होते, चंद्रकांत पंडित यांच्यासारखा कडक शिस्तीचा मार्गदर्शक आणि वसीम जाफरसारखा बाहेरून आणलेला अनुभवी फलंदाज होता. हे सगळं करायला असोसिएशनकडे पैसा होता, आणि तो मुख्यतः प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नातून क्रिकेट मंडळामार्फत येणाऱ्या वाट्याचा. स्टेडियम नसतं तर हे झालं नसतं, असं ठामपणे म्हणता येत नाही. पैसा माणसांवर खर्च झाला म्हणून झालं, असं मात्र म्हणता येतं.

उमेश यादवचं उदाहरण या जिल्ह्याला तोंडपाठ आहे. वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, टेनिस बॉलवर वाढलेला, पोलीस भरतीला जाऊन आलेला. जामठ्याला पहिली कसोटी झाली त्याच महिन्यात, नोव्हेंबर २००८ मध्ये, तो विदर्भाकडून पहिला रणजी सामना खेळला. त्याला त्या स्टेडियमने घडवलं नाही. खाणपट्ट्यातल्या खुल्या स्पर्धांनी घडवलं, आणि त्याचा वेग पाहून हाताशी धरणारं कोणीतरी वेळेवर भेटलं म्हणून तो पुढे गेला. भिवापूर पट्ट्यातल्या वेगवान पोराला असं कोणी भेटेल का, हा खरा प्रश्न. जामठ्याचं मैदान असोसिएशनचं आहे. तिथे कोणीही जाऊन सराव करावा अशी ती जागा नाही.

सगळ्यांसाठी असलेली जागा पाहायची, तर पुण्याला जावं लागतं. या विषयातलं राज्यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे म्हाळुंगे-बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल. ते बांधलं गेलं १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी, तेव्हाच्या पुण्याच्या वेशीबाहेर. ऑक्टोबर २००८ मध्ये तिथे तिसऱ्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. ७१ देश-प्रदेशांतले बाराशेहून अधिक खेळाडू, नऊ खेळ, आणि पदकतालिकेत भारत ३३ सुवर्णांसह पहिला. सायना नेहवाल तिथे जिंकली. कोल्हापूरच्या राही सरनोबतने नेमबाजीत तिचं पहिलं मोठं सुवर्ण तिथेच घेतलं. दहा वर्षांनी, २०१८ ला, ती आशियाई स्पर्धांत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरली.

बालेवाडीचे चाहते मग बाणेर-बालेवाडीच्या जमिनीचे भाव दाखवतात. ते श्रेय मी संकुलाला द्यायला तयार नाही. शेजारी हिंजवडीचा आयटी पार्क आहे, आणि जमिनीची किंमत त्याने जास्त चढवली असावी. शिवाय भाव वाढणं हा ज्याने जमीन राखली त्याचा फायदा. ज्याने आधीच विकली त्याचा नव्हे.

संकुलाचा खरा उपयोग वेगळ्या बाजूने झाला. तिथे कॅलेंडर भरत राहिलं. २०१३ मध्ये चेन्नईने माघार घेतल्यावर आशियाई अॅथलेटिक्स स्पर्धा तिथे झाली, २०१८ पासून काही वर्षं एटीपी टेनिस, २०१९ मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धा, २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई फुटबॉल चषकाचे सामने. आणि स्पर्धा नसतात तेव्हाही तिथे कोणीतरी राहतं, पळतं, नेम धरतं. राज्य सरकारने १९९० च्या दशकाच्या मध्यापासून चालवलेली क्रीडा प्रबोधिनी, म्हणजे चाचण्या घेऊन राज्यभरातून लहान मुलं निवडायची आणि त्यांची शाळा, जेवण, सराव एकत्र सांभाळायचा, या योजनेला बालेवाडीने घर दिलं. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव क्रीडा प्रबोधिनीतून पुण्याच्या फुटबॉल अकादमीत गेला आणि २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. राधानगरीच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे नाशिकच्या प्रबोधिनीतून पुढे आला, बालेवाडीच्या रेंजवर सराव करत राहिला आणि पॅरिसला २०२४ मध्ये ऑलिम्पिक कांस्य घेऊन आला.

कांबळवाडी भिवापूरहून लहान आहे. तिथून पॅरिसपर्यंतच्या वाटेवर एक मुक्काम १९९४ च्या स्पर्धेसाठी बांधलेल्या संकुलात होता. तीस वर्षांनी आलेलं हे पीक कुठल्याही फायद्यांच्या अहवालात आधी लिहिलेलं नव्हतं. बालेवाडी आदर्श आहे असंही नाही. जून २०२१ मध्ये बड्या पाहुण्यांच्या ताफ्यातल्या गाड्या थेट धावपट्टीपर्यंत नेल्याची छायाचित्रं छापून आली आणि मोठा गदारोळ झाला. सत्तेपुढे धावपट्टीचं काय चालणार, हे त्या फोटोंत दिसलं.

याच्या उलट टोकाला २०१७ च्या त्याच फुटबॉल विश्वचषकाच्या निमित्ताने झालेला उपक्रम. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभर दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा अशी मोहीम निघाली. शाळांना चेंडू वाटले गेले, मंत्री मैदानात उतरले, फोटो झाले. गावोगावच्या शाळांपर्यंत थेट पोचणारी ही कदाचित एकमेव जागतिक स्पर्धा. कल्पना मला अजूनही आवडते. पण चेंडूचं आयुष्य एका पावसाळ्याचं. तो फाटला की नवा कोण आणणार, आणि मुळात शिकवणार कोण? जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत स्वतंत्र क्रीडाशिक्षक सहसा नसतोच. गणिताचे गुरुजीच शिट्टी वाजवतात.

भिवापूरकरांना हे मिरचीवरून चटकन कळेल. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं, नाव देशभर झालं, पण शुद्ध बियाणं आणि हमखास भाव यांची सोय तेवढी झाली नाही, म्हणून शेतात संकरित वाण वाढत गेले. जागतिक स्पर्धा मानांकनासारखीच: नाव देते, बियाणं देत नाही.

बाहेरच्या जगात दोन टोकं आहेत. माँट्रियलने १९७६ च्या ऑलिम्पिक स्टेडियमचं कर्ज फेडून संपवलं ते २००६ मध्ये. मँचेस्टरने २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांचं स्टेडियम बांधतानाच ते नंतर कोणाला द्यायचं हे ठरवलं होतं. स्पर्धा आटोपताच धावपट्टी काढली, मैदान खाली घेतलं आणि पुढच्याच वर्षी मँचेस्टर सिटी क्लब तिथे भाडेकरू म्हणून आला. त्या स्पर्धांसाठी तयार केलेले स्वयंसेवकही पुढे शहरातल्या इतर कार्यक्रमांना उपयोगी पडत राहिले. फरक एवढाच की एकाने समारोपाच्या दुसऱ्या दिवसाचा विचार आधी केला.

आपल्याकडे गावपातळीवर हा विचार करण्याची जागा तालुका क्रीडा संकुल ही आहे. अलीकडे राज्य सरकारने त्यासाठीची अनुदान मर्यादा १ कोटीवरून ५ कोटींवर नेली. आकडा मोठा आहे, पण तो मुख्यतः बांधकामाचा. वीज, पाणी, चौकीदार, गवत काढणं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रशिक्षकाचं मानधन, याचा भार स्थानिक समितीने आपल्या उत्पन्नातून उचलावा अशी अपेक्षा असते. तालुक्याच्या गावात ते उत्पन्न म्हणजे दोन-चार गाळ्यांचं भाडं. मग इनडोअर हॉलला कुलूप आणि पॅव्हेलियनमध्ये बकऱ्या, हे दृश्य महाराष्ट्रात नवं नाही.

२०३० साठी केंद्र आणि राज्य सरकारं पैसा काढतीलच. तो सिमेंटच्या शीर्षकाखाली येतो की माणसांच्या, हे पाहायला हवं. एका तालुक्यात दोन पगारी प्रशिक्षक दहा वर्षं टिकले, तर नव्या पॅव्हेलियनपेक्षा जास्त काम करतील, असं माझं मत आहे. खो-खो किंवा कबड्डीला तर सिंथेटिक मैदानही लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला, तेव्हा दोन्ही कर्णधार पुणेकर होते: प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. हा खेळ विदर्भातल्या शाळांच्या अंगणात आधीपासून आहे. हवा आहे तो रोज संध्याकाळी येणारा, खेळाची जाण असलेला माणूस.

आणि वय पाहा. २०३६ मध्ये ऐन भरात असतील ती पोरं आज आठ ते बारा वर्षांची आहेत, तिसरी ते सातवीत बसलेली. क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्या साधारण याच वयोगटाच्या होतात. तेव्हा भिवापूरच्या पालकांनी आणि शिक्षकांनी अहमदाबादच्या घोषणांकडे कान लावण्याऐवजी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात एवढंच विचारावं: पुढची चाचणी कधी आहे, तालुक्यातल्या किती शाळांना तिची सूचना वेळेत पोचली, आणि पोराला नागपूरला घेऊन जाण्याचा एसटीचा खर्च कोण देणार?