वाचनालयात पावसाची वही

१९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. कर्जत-खालापूरच्या डोंगरात एका वाडीचा पाऊस शेजारच्या वाडीला लागू पडत नाही. म्हणून तो गावोगावी मोजायला हवा.

सपाट तळाचे, सरळ बाजूंचे भांडे उघड्यावर ठेवावे. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजून, लिहून भांडे रिकामे करावे. १ मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरवर १ लिटर पाणी.

आम्हा शिक्षकांचा अनुभव असा, की मुले शाळा सोडतात आणि वह्या हरवतात. वाचनालयात मात्र वही वर्षानुवर्षे टिकते, कुणालाही पाहता येते. दरड कधी कोसळेल हे ती सांगणार नाही; पण यंदाचा पाऊस नेहमीपेक्षा किती जास्त, हे नक्की सांगेल.

डॉ. सलीम अली यांनी १९३० मध्ये आजच्या रायगडातील किहीमला सुगरणीची घरटी पाहून अशाच नोंदी केल्या होत्या. आपल्या मोहल्ल्यातील वाचनालयात येत्या पावसाळ्यापासून एक वही ठेवू या.