तळ्यातील मासा आणि ताटातील मासा

नागपूर हे तलावांचे नगर आहे. पश्चिमेस अंबाझरी व फुटाळा, दक्षिणेस सोनेगाव, आणि धंतोलीपासून थोड्याच अंतरावर गांधीसागर. गांधीसागराला जुनी माणसे शुक्रवारी तलाव किंवा जुम्मा तलाव म्हणतात. देवगडचा गोंड राजा चाँद सुलतान याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, नगराला पाणी मिळावे म्हणून, तो बांधविला. अंबाझरीकडून येणारी नाग नदी धंतोलीच्या कडेने वाहत पुढे जाते.

तलाव बांधले गेले तेव्हा त्यांच्या भोवती विरळ वस्ती होती. आज त्यांना मोठ्या शहराने वेढले आहे. शहराच्या पोटात जे जे निर्माण होते, त्यातील काही ना काही पाण्याकडे धाव घेते. पावसाच्या लोंढ्याबरोबर रस्त्यावरील तेल आणि काजळी येते. नाल्यांतून सांडपाणी येते. मूर्तींवरील रासायनिक रंगांत कधीकधी शिशासारखे जड धातू असतात; म्हणूनच अलीकडे विसर्जनासाठी कृत्रिम टाक्या बांधण्यात येतात. हे सारे पदार्थ हळूहळू तळाच्या गाळात जाऊन बसतात. पाणी वरून निवळशंख दिसते, पण गाळ काहीही विसरत नाही.

आता प्रश्न असा की, अशा पाण्यात वाढलेला मासा खावा की खाऊ नये?

कित्येकांना वाटते, मासा जिवंत व तजेलदार असला म्हणजे तो निर्दोष. ही समजूत बरोबर नाही. तलावात मासे मरून तरंगू लागतात, त्याचे कारण पुष्कळदा वेगळेच असते. सांडपाण्यामुळे शेवाळ माजते. रात्री ते पाण्यातील प्राणवायू वापरते, आणि पहाटे मासे गुदमरतात. असे मेलेले मासे कुणीही खाऊ नयेत, हे खरे. परंतु पारा अंगात साठलेला मासा मात्र सशक्त दिसतो, चपळपणे पोहतो. त्याला वास नसतो, वेगळी चव नसते. डोळ्यांना व जिभेला ही पारख करता येत नाही.

हा पारा माशात शिरतो कसा? गाळातील सूक्ष्म जंतू साध्या पाऱ्याचे मिथिल पारा नावाच्या अधिक घातक पदार्थात रूपांतर करतात. तो सूक्ष्म वनस्पतींत जातो. त्या वनस्पती खाऊन बारीक जीव जगतात, त्यांना लहान मासे खातात, आणि लहान माशांना मरळीसारखे शिकारी मासे गिळतात. प्रत्येक जीव आयुष्यभर खातो पुष्कळ, परंतु हा पदार्थ शरीराबाहेर टाकतो फार थोडा. त्यामुळे पायरी चढत जावे तसे विषाचे प्रमाण वाढत जाते. वनस्पतींवर पोसणाऱ्या रोहूपेक्षा मोठ्या, वयस्क शिकारी माशात ते अधिक असण्याचा संभव असतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात क्लिअर लेक नावाचे सरोवर आहे. तेथील चिलटांचा उपद्रव थांबावा म्हणून १९४९, १९५४ व १९५७ या वर्षी पाण्यात डीडीटीच्या जातीचे एक कीटकनाशक टाकण्यात आले. पाण्यातील त्याचे प्रमाण दहा लाख भागांत एका भागाचा पन्नासावा हिस्सा इतकेच होते. पुढे तेथील पाणपक्षी मरू लागले. त्यांची चरबी तपासली, तेव्हा तीत दहा लाखांत १६०० भाग विष आढळले, म्हणजे पाण्यातल्यापेक्षा ऐंशी हजार पट! जपानमधील मिनामाता या गावी तर माणसांवरच घाला आला. कारखान्याने समुद्रात सोडलेला मिथिल पारा माशांतून घराघरांत पोहोचला. आधी मांजरे वेड्यासारखी नाचून मेली, मग माणसांचे हातपाय लुळे पडू लागले. हा रोग १९५६ साली उघडकीस आला. पण त्याचे कारण सरकारने मान्य करण्यास १९६८ साल उजाडले. ती बारा वर्षे तेथील कोळ्यांना फार महाग पडली.

वेळीच तपासणी करणे का आवश्यक आहे, हे यावरून ध्यानात येते. नागपुरास या कामाची परंपरा आहे. १९५८ साली येथे सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ पासून ती राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, अर्थात ‘नीरी’, या नावाने ओळखली जाते.

माशांच्या तपासणीची रीत समजण्यास सोपी आहे. एका माशावरून सगळ्या तलावाचा न्याय करता येत नाही. म्हणून निरनिराळ्या जातींचे, लहानमोठे मासे निरनिराळ्या जागी पकडतात. त्यांची लांबी व वजन नोंदवून ते बर्फात ठेवतात. प्रयोगशाळेत खाण्याजोग्या मांसाचा तुकडा आम्लात विरघळवितात. मग त्या द्रावातील धातूचे अणू विशिष्ट प्रकाश किती शोषून घेतात, हे यंत्राने मोजतात. यंत्र खरे बोलते की नाही, हे पाहण्यासाठी प्रमाण ठाऊक असलेला नमुनाही त्याला देतात. हीच मोजणी दरवर्षी केली, म्हणजे तलाव सुधारतो की बिघडतो ते कळते.

मोजून आलेल्या आकड्याचा अर्थ लावणे हे पुढचे काम. २००३ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी असे ठरविले की, शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक मिथिल पारा पोटात जाऊ नये. पस्तीस किलोग्रॅम वजनाच्या मुलाला ही मर्यादा ५६ मायक्रोग्रॅमची होते. समजा, माशाच्या एका किलोग्रॅममध्ये ५०० मायक्रोग्रॅम मिथिल पारा निघाला, तर त्या मुलाने आठवड्यात ११२ ग्रॅमहून जास्त मासा खाऊ नये. तोच १०० मायक्रोग्रॅम निघाला, तर ५६० ग्रॅमपर्यंत चालेल. गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांनी अधिक जपावे, कारण वाढत्या मेंदूला पारा सर्वाधिक अपाय करतो.

धुण्याने किंवा शिजविण्याने पारा जात नाही. तो मांसातच जखडलेला असतो. डीडीटीसारखी विषे मात्र चरबीत साठतात. कातडी व चरबी काढून टाकली, तर त्यांचा काही अंश कमी होतो.

म्हणून मासे खाणेच सोडावे काय? तसे नाही. मासा हे उत्तम प्रथिनांचे स्वस्त अन्न आहे, आणि जाळ्यावर पोट असलेल्या ढीवर व भोई कुटुंबांचा तो आधार आहे. तलावात विष सोडणारा निराळा असतो, आणि मासे विकले न गेल्याने उपाशी राहणारा निराळा. केवळ अफवेने बाजार बंद पडला तर निरपराध माणसाला शिक्षा होते. तपासणी दडपली तर खाणाऱ्याला होते. दोघांचेही रक्षण एकाच गोष्टीने होते : नियमित मोजणी करावी, आणि तिचा निकाल तलावाच्या काठी, सर्वांना वाचता येईल अशा भाषेत लावावा. आणि मोजणीत दोष आढळला, तर इलाज माशावर करून भागत नाही. पाण्याकडे येणारा नाला अडवावा लागतो.