घरात चुली किती?

जनगणना अखेर होते आहे. एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात प्रत्येक राज्यात तीस दिवस घरयादी आणि फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसांची मोजणी. जातीच्या रकान्यावर भरपूर लिहून झालं, मोबाइल ॲपवरही झालं. मला लिहायचं आहे ते दारोदार फिरणाऱ्या सुमारे तीस लाख कर्मचाऱ्यांबद्दल. त्यांत शिक्षकांची संख्या मोठी. ॲप कसं उघडायचं हे त्यांना एका दुपारी शिकवता येईल. पण आकडा जन्मतो कसा, हे कोण शिकवणार?

अलिबाग-मुरूडच्या पट्ट्यातलं कुठलंही गाव डोळ्यांपुढे आणा. एका छपराखाली दोन भाऊ, अंगण एक, तुळस एक, चुली दोन. जनगणनेच्या लेखी एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं म्हणजे कुटुंब. म्हणजे इथे कुटुंबं दोन. शेजारी मुंबईकराचा बंगला, फक्त शनिवार-रविवार उघडणारा. त्याची घरयादीत नोंद होईल, पण माणसं मोजली जातील ती मुंबईतल्या घरी. पलीकडच्या घरातला खलाशी आठ दिवस समुद्रात. प्रगणकाला प्रत्येक उंबऱ्यावर असा निर्णय घ्यावा लागतो. तो चुकला, तर नळपाणी योजनेपासून शाळेच्या वर्गांपर्यंत पुढची सगळी आखणी चुकीच्या पायावर उभी राहते. मुळातच चुकलेली नोंद पुढे कितीही मोठा संगणक लावला तरी सुधारत नाही.

‘डेटामध्ये करिअर’ म्हटलं की आपल्या मुलांपुढे सॉफ्टवेअरचे क्लास येतात. सॉफ्टवेअर यायला हवंच. पण आज खरी टंचाई आहे ती कामाच्या जागी जाऊन सहकाऱ्यांना आकडा नोंदवायला, वाचायला आणि त्याच्यावर शंका घ्यायला शिकवणाऱ्या माणसांची. हा स्वतंत्र पेशा आहे आणि त्याची परंपरा रायगडच्या किनाऱ्यावर शतकाहून जुनी आहे.

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेसमोरून हजारो पर्यटक समुद्राकडे जातात. ती इथे का आली, ही गोष्ट शाळेत शिकवावी अशी आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून होत होत्या. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम धावणार हे ठरलं. त्या विजेमुळे उपकरणं बिघडली नसती, पण नोंदी नासल्या असत्या. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी ट्राम सुरू होण्याची वाट पाहिली नाही. १९०४ मध्ये अलिबागला, चुंबकाला न ओढणाऱ्या बांधकामसाहित्याच्या इमारतीत, नवी वेधशाळा सुरू झाली. आणि पुढची दोन वर्षं, १९०६ पर्यंत, कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. दोन जागांमधला फरक हाती आल्यावरच जुनी जागा सोडली. विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये.

ती दोन वर्षं मला फार मोलाची वाटतात. पद्धत बदलताना जुनी आणि नवी काही काळ सोबत चालवा, म्हणजे साखळी तुटत नाही. कागदावरून मोबाइलवर जाणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने हा धडा गिरवायला हवा. रजिस्टर बंद करून दुसऱ्या दिवशी ॲप सुरू केलं आणि आकडा वाढला, तर वाढ गावात झाली की मोजण्यात, हे कसं सांगणार?

त्याच कुलाब्यात सप्टेंबर १८५९ मध्ये, इतिहासातल्या सर्वांत मोठ्या चुंबकीय वादळांपैकी एक आलं तेव्हा, वेध घेणारी माणसं हाताने नोंदी करत होती. एरवी तासाला एक नोंद. चुंबक अस्वस्थ दिसताच दर पंधरा मिनिटांनी, प्रसंगी दर पाच मिनिटांनी. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण त्या कागदांवर उतरली. १४४ वर्षांनी, २००३ मध्ये, भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांसह एका गटाने त्या वादळाची तीव्रता याच नोंदींवरून मोजली. या संस्थेचं मुख्यालय आज नवीन पनवेलला, म्हणजे रायगड जिल्ह्यातच आहे. वादळात नोंदी वाढवायच्या, हे त्या माणसांना कुणीतरी शिकवलं होतं. कामाच्या जागचं डेटाशिक्षण म्हणतात ते हेच.

आजचं एक उदाहरण बंदरावरचं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. मासळीच्या तक्त्यात त्या दोन महिन्यांपुढे काय लिहाल? शून्य लिहिलंत, तर वर्षाची मासिक सरासरी बाराने भागून निघेल आणि दर्या आटल्यासारखा दिसेल. ‘बंदी’ लिहिलंत, तर सरासरी दहा महिन्यांची. मोकळा रकाना आणि शून्य यांतला फरक मच्छीमार सोसायटीच्या कारकुनाला समजावून देणारा माणूस मला एखाद्या चकचकीत डॅशबोर्डपेक्षा मोलाचा वाटतो.

याच मातीतले चिंतामणराव देशमुख. जन्म १८९६ चा, रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावचा, आणि बालपण रोह्याचं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण १९४५ ते १९६४ ते भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षही होते. त्याच काळात, १९५० मध्ये, राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि त्याच वर्षी कोलकात्यात आंतरराष्ट्रीय सांख्यिकी शिक्षण केंद्रही, जिथे आशिया-आफ्रिकेतले नोकरदार संख्याशास्त्र शिकायला येऊ लागले. संख्याशास्त्रज्ञ वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे यांनी १९५४ मध्ये शेतीक्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी सांख्यिकीचं पुस्तक लिहिलं. मोजणी आणि शिकवणी एकमेकींना सोडून चालत नाहीत, हे त्या पिढीला पक्कं ठाऊक होतं.

आज या वाटेने जायचं तर पाया सांख्यिकीचा हवा. सरकारी बाजूला भारतीय सांख्यिकी सेवा आहे, राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे. उद्योगांच्या बाजूला उरणचं बंदर, थळचा खतकारखाना, डोळवीचा पोलादप्रकल्प अशा ठिकाणी रोज आकड्यांचे ढीग पडतात. पण पदवीइतकंच महत्त्वाचं म्हणजे एका कामाची नोंदवही आतून समजून घेणं. पहाटे बंदरावर उभं राहा, आरोग्य उपकेंद्रात आशाताईंसोबत बसा, कुठला रकाना का चुकतो ते पाहा आणि तो मराठीत समजावायला शिका. स्थानिक भाषेत शिकवता येणं हीच या पेशातली सर्वांत मोठी कमाई. प्रत्येक तालुक्याला असा एक पगारी आकडेशिक्षक शासनाने नेमावा, असं माझं ठाम मत आहे. जनगणनेपुरतं प्रशिक्षण देऊन हे भागणार नाही.

तोवर आपल्या हाती एवढं आहे. प्रगणक दारात आला, की त्याला ओटीवर बसवा, पाणी द्या, घाई करू नका. आणि चुली खऱ्या सांगा.